जुना बंब रंगवायचाय? साधा ऑइल पेंट का उडतो, कोणता रंग टिकतो?

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड परिसरासारख्या कापूस-तुरीच्या पट्ट्यात बंबाला जळण घरचंच मिळतं. पऱ्हाट्या, तुराट्या असल्या की वीज गेली तरी पाणी तापतं. त्यामुळे थंडीच्या तोंडावर जुना लोखंडी बंब बाहेर काढून रंगवला जातो. पण काही दिवसांतच रंगाला फोड येतात. असं का होतं?

रंग का उडतो?

बंब म्हणजे पाण्याची टाकी आणि तिच्या मधून जाणारी जाळाची नळी. उघड्या टाकीतलं पाणी १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापत नाही. त्यामुळे पाण्याला लागून असलेला बाहेरचा पत्राही जवळपास तेवढाच तापतो. खालची भट्टी आणि वरचं धुराडं मात्र याहून खूप जास्त तापतं. साधा ऑइल पेंट १०० अंशांच्या आसपासच पिवळा पडू लागतो. म्हणूनच रंग आधी भट्टीजवळ आणि धुराड्यावर सुटतो.

मग कोणता रंग घ्यायचा?

'हीट रेझिस्टंट ॲल्युमिनियम पेंट' मागा. डब्यावर तो किती अंशांपर्यंत टिकतो हे लिहिलेलं असतं. भट्टी आणि धुराड्यासाठी ४०० किंवा ६०० अंशांचा घ्या. खाली साधा रेड ऑक्साइड प्रायमर लावू नका. तो तापून सुटला की वरचा महाग रंगही सोबत जातो.

काम कसं करायचं?

१. आधी बंबात पाणी भरून रात्रभर ठेवा. गळत असेल तर रंगाआधी डाख किंवा वेल्डिंग करून घ्या.

२. राख आणि काजळी काढा. तारेच्या ब्रशने गंज आणि जुना रंग घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून पत्रा ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

३. पत्रा थिनरने पुसून पूर्ण सुकवा. जवळ विस्तव नको.

४. रंगाचे दोन पातळ हात द्या. जाड थराला फोड लवकर येतात.

५. डब्यावर सांगितलेला वेळ सुकू द्या. मग बंबात पाणी भरून आधी मंद जाळ करा. हा रंग उष्णतेनेच पक्का होतो. पहिल्यांदा धूर आणि वास येतो, त्यामुळे हे काम अंगणातच करा.

काय रंगवायचं नाही?

टाकीची आतली बाजू, कारण तेच पाणी अंगावर घ्यायचं असतं. तांब्याचा बंबही रंगवू नका, त्याला चिंच-मीठ पुरे.

दोन चुका महागात पडतात

रिकामा बंब कधीही पेटवू नका. पाणी नसेल तर पत्रा १०० अंशांवर थांबत नाही आणि डाख वितळून सांधे उघडतात.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते, ती म्हणजे बंद न्हाणीघरात बंब पेटवणं. अर्धवट जळणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणं. असं काही जाणवलं तर लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. बंब कितीही नवा दिसत असला, तरी त्याची जागा उघड्यावरच.