रायगडाची पेठ आणि एक प्रश्न

परवा नातवाचा रायगडावरून फोन आला. "आजोबा, मी बाजारपेठेत उभा आहे!" स्वारी रोपवेने वर गेली होती. मला मात्र एक जुनी गोष्ट आठवली.

पोलादपूरकडच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो. सहल ठरलेली, रायगड. पायऱ्या चढून धापा टाकत मुलं होळीच्या माळावर यायची, की शेजारीच पेठ. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकी २२ दुकानं, मधे सुमारे ४० फुटांचा रस्ता. छपरं कधीच गेली, उरली ती दगडी जोती आणि भिंती. जोती चांगली उंच, म्हणून माझं वाक्यही ठरलेलं: "घोडेस्वार खाली न उतरता इथे खरेदी करत." मुलं खूश, मीही खूश.

एका वर्षी एका मुलाने विचारलं, "गुरुजी, घोड्यावरच्यानं धान्य घेतलं, पण ते वर आणलं कुणी?" त्याचे वडील बाजारात हमाली करायचे. मला उत्तर सुचेना. म्हटलं, "रांगेत चल!"

घरी येऊन पुस्तकं काढली. घोडेस्वारांची गोष्ट ही आख्यायिकाच. काही अभ्यासक तर ही बाजारपेठच नव्हती म्हणतात. पण १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला, त्या राजधानीला मीठ-तांदूळ लागणारच. सावित्रीच्या खाडीतून गलबतं महाडच्या बंदरापर्यंत यायची. पुढची वाट बैलाच्या पाठीची आणि माणसाच्या डोक्याची. आपली हिरकणी तरी कोण? दूध घेऊन गड चढणारी बाई. तीही आख्यायिका खरी, पण तिच्यात ओझं वाहणारं माणूस दिसतं. माझ्या वाक्यात ते नव्हतं.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आगी लागल्या, बरंच काही जळालं. २०२५ मध्ये रायगड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंद वाटला. पण वारसा म्हणजे नुसती जोती नव्हेत.

पुढच्या सहलीपासून मी वाक्य बदललं. तो मुलगा मात्र तोवर शाळा सोडून गेला होता. त्याला उत्तर द्यायचं राहिलं, ते राहिलंच.

नातवाला म्हटलं, "येताना पायऱ्यांनी उतर. आणि डोक्यावर पोतं आहे असं समज."

असो. गुडघे परवानगी देत असतील तर तुम्हीही एकदा चढूनच जा.