मोटारीतील वाऱ्याची वाट : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा महाराष्ट्रातील इतर भागांप्रमाणे येथेही मोटारींच्या दोन पिढ्या एकाच वेळी वापरात होत्या. महिंद्रची जीप, ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या जुन्या पिढीच्या गाड्यांत वारा मिळे तो मुख्यतः गाडीच्या वेगामुळे. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या पुढच्या दारांतील त्रिकोणी काच तिरकी उघडली की बाहेरचा झोत थेट चालकाच्या अंगावर येई, आणि काचेचे रबर वाळले किंवा खिटी गंजली तर तो बिघाड उघड्या डोळ्यांना दिसत असे.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, पुढे वातानुकूलित गाड्या वाढल्या आणि वाऱ्याची वाट डॅशबोर्डाआड गेली. समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत येणारी हवा ब्लोअर, म्हणजे विजेवर फिरणारा पंखा, पुढे ढकलतो. ती आधी कूलिंग कॉइलमधून, नंतर गरजेप्रमाणे हीटर कॉइलमधून जाते आणि फ्लॅप नावाच्या झडपा तिला काचेकडे, तोंडाकडे किंवा पायांकडे वळवतात. तेव्हापासून दोष शोधणे हे पाहण्यापेक्षा अनुमानाचे काम झाले, आणि मेकॅनिकच्या कौशल्यातील हा बदल इंजिनातील बदलांइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

या जिल्ह्यात त्या अनुमानाचा आरंभ धुळीपासून करावा लागतो. सोयाबीनच्या मळणीचा भुसा, वसमत परिसरात हळद वाळवण्या-घोळण्याच्या दिवसांतील बारीक पूड आणि गाडी ज्याच्या सावलीत उभी असते त्या कडुनिंबाचा पाला हे सारे त्या जाळीवाटे आत शिरते. ब्लोअरचा आवाज मोठा, पण झोत क्षीण असेल, तर हवा गाळणारा केबिन फिल्टर किंवा कूलिंग कॉइल तुंबल्याची शक्यता अधिक असते. सर्वात वरचा वेगच चालतो आणि खालचे बंद पडतात, तेव्हा दोष बहुधा रेझिस्टरमध्ये असतो. कारण खालच्या वेगांसाठी वीज या रोधकातून कमी होऊन मोटारीकडे जाते, तर वरच्या वेगाला ती त्याला वगळून थेट पोहोचते. हा रेझिस्टर हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, म्हणजे वाहणारा वाराच त्याला थंड ठेवतो. त्यामुळे तुंबलेला फिल्टर तसाच ठेवून केवळ रेझिस्टर बदलला, तर नवाही जळण्याचा धोका राहतो.

हीटरकडे मात्र या उष्ण प्रदेशात फारसे कोणी लक्ष दिले नाही. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी भरण्याच्या जुन्या सवयीने हीटर कॉइलमध्ये गंज व क्षार साचतात, ती गळू लागते आणि खर्च टाळण्यासाठी तिचे दोन्ही पाइप परस्परांना जोडून तिला वगळले जाते. अशा गाडीत डिसेंबरच्या पहाटे काचेवर आतून दव धरले, की गरम हवा उपलब्ध नसते. तेव्हा आतलीच हवा फिरवणारा फ्लॅप बंद करून बाहेरची हवा घेणे आणि कूलिंग कॉइलवर तिच्यातील बाष्प उतरावे म्हणून थंडीतही एसी लावणे, एवढाच उपाय उरतो.