टन मोजले, तास मोजले; छातीचे ठोके कोण मोजणार?

श्रमाचा इतिहास हा मोजमापाचाही इतिहास आहे. मालकाने टन मोजले, मुकादमाने मोळ्या मोजल्या, सरकारने तास मोजले. पण तो टन उचलताना, ते चाक फिरवताना कामगाराच्या छातीत काय होते, हे पद्धतशीर मोजायला विसावे शतक उजाडावे लागले. मजुरीच्या हिशेबात तर त्या मोजमापाला आजही जागा नाही. हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा आहे असे आम्ही मानत नाही. तो चळवळीचाही आहे.

सुरुवात मालकाच्या घड्याळाने झाली. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कारखान्यात फ्रेडरिक टेलरने लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांचे काम रोज साडेबारा टनांवरून सत्तेचाळीस टनांवर नेले. विश्रांतीही त्याने मोजून दिली, पण ती टन वाढावेत म्हणून. हृदयाचा हिशेब नंतर आला. १९५३ मध्ये स्वीडनच्या लोखंड कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास मांडताना ई. एच. क्रिस्टेनसेन यांनी कामाचा जडपणा नाडीवरून ठरवला. मिनिटाला १०० ते १२५ ठोके म्हणजे मध्यम काम, १२५ ते १५० म्हणजे जड, १५० च्या पुढे अतिजड. आता ओझ्याचे माप कामगाराच्या शरीरातच सापडले होते.

आपल्या देशात हे शास्त्र कोणत्या वाटेने आले? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. सोशल मीडियावर ‘चौदा तासांचे आठ तास केले’ असा मजकूर फिरतो. कायद्यातली नोंद त्याहून नेमकी आहे आणि पुरेशी बोलकी आहे. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. याच काळात, १९४५ साली, केंद्राच्या मजूर खात्यात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय उभे राहिले. मुंबईत सायनला असलेली केंद्रीय श्रम संस्था पुढे याच यंत्रणेतून उभी राहिली.

या संस्थेतल्या पी. एन. साहा आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये भारतीय कामगारासाठी कामाची मर्यादा मांडली. आठ तासांच्या कामात माणसाने आपल्या शरीराच्या कमाल क्षमतेच्या साधारण ३५ टक्केच खर्च करावेत, म्हणजे नाडी मिनिटाला ११० च्या आसपास राहावी. युरोपातली मापे जशीच्या तशी इथे न लावता इथल्या शरीरावर माप घेतले, हे त्या कामाचे मोल आहे.

पण ‘इथले शरीर’ म्हणजे नेमके कुणाचे? खरी मेख इथे आहे. पस्तीस टक्के कशाचे, तर ज्याच्या त्याच्या क्षमतेचे. कोलंबियातल्या ऊसतोड कामगारांवर १९७० च्या दशकात जी. बी. स्पर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसले, की ज्याची शारीरिक क्षमता जास्त तो जास्त ऊस तोडतो, आणि कुपोषणाने ही क्षमताच घटते. म्हणजे तोच टन भरल्या पोटाच्या माणसाला मध्यम असतो आणि अर्धपोटी माणसाला अतिजड.

आता हे नंदुरबारला लावून पाहा. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात बहुसंख्य लोक आदिवासी आहेत. कुपोषण आणि सिकलसेल ही इथली जुनी दुखणी. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणून तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावे लागते. आपल्या समाजालाही हा आजार परका नाही. नागपूर भागातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच केली होती. अशा शरीरांची माणसे दर हंगामात ऊसतोडीला गुजरातेत जातात. खानदेशातून बारडोलीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या या मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच लिहिले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, डोक्यावर उचल आणि मजुरी टनावर. तो टन दोघांपैकी कुणाच्या छातीवर किती पडला, हे कुठेच लिहिले जात नाही. वर ‘आम्ही कुठे घाई केली, तुम्हीच जास्त तोडता’ म्हणायला मालक मोकळा.

हाताने चालणाऱ्या यंत्रांचीही हीच गोष्ट. धडधाकट माणूस दिवसभर साधारण ७५ वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो. नागपूरचे अभियंते जे. पी. मोडक यांनी पायडलने जड चाक फिरवून शक्ती साठवायची आणि मग तिच्यावर विटा पाडण्याचे किंवा कडबाकुट्टीचे यंत्र चालवायचे, अशी रचना उभी केली. यामागचा विचार साधा आहे: यंत्राचा झटका थेट माणसाच्या अंगावर येऊ नये. शिवाय तेवढेच काम पायांऐवजी हातांनी केले तर नाडी जास्त चढते. उन्हात आणखी चढते, कारण अंग थंड ठेवायलाही हृदयच राबते. म्हणून यंत्राचा दांडा कुठे आहे आणि सावली कुठे आहे, हेही श्रमिकाच्या हक्काचे प्रश्न आहेत.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. लुसिएं ब्रूहा यांनी दाखवलेली रीत बोट आणि घड्याळ एवढ्यावर चालते. काम थांबवून बसायचे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या तीस सेकंदांत नाडी मोजायची आणि आकडा दुप्पट करायचा. पहिला आकडा ११० च्या आत आणि तिसरा त्याहून किमान दहाने कमी, तर दम सावरतो आहे. तिसऱ्या मिनिटालाही नाडी ९० च्या वर आणि उतार दहापेक्षा कमी, तर काम शरीराला झेपत नाही. शाखेतला कोणताही कार्यकर्ता हे दहा मिनिटांत शिकू शकतो.

मात्र एक धोका आधीच ओळखला पाहिजे. हेच आकडे मुकादमाच्या हाती पडले तर ‘हा अशक्त आहे, याला घेऊ नका’ म्हणून माणूसच वगळला जाईल, आणि उचलीचे कर्ज तेवढे मागे उरेल. म्हणून नाव आणि आजार कामगाराच्या मर्जीशिवाय बाहेर जाता कामा नये, आणि मागणी नेहमी कामाच्या बदलाची हवी: मोळी हलकी करा, विसावा भरपगारी द्या, पाणी आणि सावली द्या, टनाचा दर असा ठेवा की जीव न जाळता पोट भरेल.

१९७२ मध्ये शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने सालदारांच्या मजुरीचा आणि गेलेल्या जमिनींचा हिशेब मागितला. बाबासाहेबांनी कामाचे तास कायद्यात बांधले, पण तो कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. उसाच्या फडात तो आजही पोहोचत नाही. जात आणि भूक मिळून जी शरीरे आधीच झिजवतात, त्यांच्याकडूनच सर्वांत जड काम घेतले जाते. हे आपण भाषणात सांगतोच. आता आकड्यात सांगू या. पुढच्या हंगामात टोळ्या निघतील, तेव्हा आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात एक वही आणि मनगटावर एक घड्याळ असावे.

जय भीम!