लंडनमधील घर आणि शेजार

‘घर पाहावे बांधून’ ही आपली म्हण गावात जन्मली. तेथे जागा वडिलोपार्जित असते, माती-लाकूड जवळपासचे असते, आणि बांधणाऱ्याच्या पैशाची व चिकाटीची तेवढी कसोटी लागते. मोठ्या शहरात सामान्य माणसाला घर बांधता येत नाही. दुसऱ्याने बांधलेले विकत घ्यावे लागते. मग पैसा आणि चिकाटी यांखेरीज आणखी एक गोष्ट लागते, जिचा उल्लेख म्हणीत नाही. ती म्हणजे विकणाऱ्याची, कर्ज देणाऱ्याची आणि शेजाऱ्याची संमती. ही संमती ज्यांना सहजासहजी मिळत नव्हती, अशा लोकांनी लंडन शहरात घरे कशी घेतली, याचा थोडक्यात इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

लंडनचा स्थानिक कारभार आज सिटी हा जुना गाभा सोडून ३२ विभागांत वाटलेला आहे. या विभागांना तेथे ‘बरो’ म्हणतात. १ एप्रिल १९६५ रोजी ही रचना अमलात आली. विलस्डन आणि वेम्बली मिळून ब्रेंट झाला. साउथॉल, ॲक्टन आणि ईलिंग मिळून आजचा ईलिंग. हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस मिळून कॅमडेन. यांतील कित्येक बरोंत आज जगातील इतक्या जातिधर्मांची माणसे शेजारी शेजारी राहतात की, पाहणाऱ्याला वाटावे, हा एखाद्या उदार धोरणाचा परिणाम असेल. इतिहास पाहिला तर मात्र निराळेच दिसते. ही वस्ती बरीचशी नकारातून उभी राहिली आहे. भाड्याने खोली मिळेना म्हणून माणसांनी घरे विकत घेतली. घर घेणे ही सुस्थितीची शेवटची पायरी, असे आपण समजतो. येथे ती पहिल्याच पायऱ्यांपैकी एक ठरली.

या गोष्टीचा एक आरंभ आपल्या परिचयाचा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनला शिकावयास गेलेल्या हिंदी विद्यार्थ्यांना राहावयास जागा मिळणे कठीण जाई. ही अडचण ओळखून पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी उत्तर लंडनमधील हायगेट भागात क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचे ६५ क्रमांकाचे मोठे घर विकत घेतले आणि १ जुलै १९०५ रोजी तेथे ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह सुरू झाले. सुमारे २५ विद्यार्थ्यांची तेथे सोय होती. पुढल्याच वर्षी सावरकर तेथे राहावयास आले. त्या घरातील राजकारण आपल्याला ठाऊक असते. परंतु ते घर घेण्यामागे राजकारणाच्या जोडीला राहण्याच्या जागेची साधी गरजही होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९०९ साली कर्झन वायली यांच्या वधानंतर पोलिसांचा ससेमिरा वाढला, वसतिगृह बंद पडले आणि १९१० साली घर विकले गेले.

श्यामजींपाशी पैसा होता. नाइलाजाने घर घेणारा गरीब माणूस दिसू लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरी बंदरास लागले. त्यातून कॅरिबियन बेटांतले शेकडो लोक उतरले. ज्यांना राहण्याची जागा नव्हती अशा सुमारे २३० जणांना क्लॅपम साउथ येथील, युद्धकाळात खणलेल्या भूमिगत आसऱ्यात ठेवण्यात आले. कामधंद्याच्या नोंदणीची जवळची कचेरी ब्रिक्स्टनला होती. लोक तिकडे गेले आणि तेथेच रुजले.

बाँबवर्षावाने लंडनमधील घरे आधीच कमी झालेली होती. नगरसंस्थांची स्वस्त घरे प्रतीक्षायादीने मिळत, आणि त्या भागातील दीर्घ वास्तव्य ही त्यासाठीची अट असे. काल आलेल्या माणसाला ती पुरी करणे अशक्यच होते. खासगी खोली पाहावयास जावे, तर खिडकीत ‘काळ्यांना जागा नाही’ अशी पाटी लावलेली असे. पाटी नसली तरी घरमालकीण दार उघडे, समोरचा चेहरा पाही आणि खोली नुकतीच गेल्याचे सांगे. अशा माणसांच्या गरजेवर गबर होणारे घरमालकही निघाले. पीटर रॅकमन हा त्यांतला इतका कुप्रसिद्ध की, त्याच्या नावावरून भाडेकरूंच्या पिळवणुकीला इंग्रजीत एक शब्दच रूढ झाला. अव्वाच्या सव्वा भाडे भरून कुबट खोलीत राहावे, की कसेही करून स्वतःचे घर घ्यावे, एवढीच निवड उरली.

ते ‘कसेही करून’ म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडात पुष्कळ घरांखालची जमीन जमीनदाराच्या मालकीची राही आणि घर ९९ वर्षांसारख्या लांब मुदतीच्या पट्ट्याने दिलेले असे. पट्टा संपला की घर जमीनदाराकडे जाई. ब्रिक्स्टनमधील तीन-चार मजली घरे एकोणिसाव्या शतकात नोकरचाकर बाळगणाऱ्या मोठ्या कुटुंबांसाठी बांधलेली. ती कुटुंबे केव्हाच उपनगरांत निघून गेली होती, घरे जीर्ण झाली होती, आणि कित्येक पट्ट्यांची थोडीच वर्षे उरली होती. असे शेपटीएवढे उरलेले पट्टे इतर कोणी घेईना. म्हणून ते नव्या माणसाला मिळत. घरासाठी कर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायट्या जुन्या घरांवर आणि तोकड्या पट्ट्यांवर पैसे देण्यास नाखूश असत. त्यामुळे चढ्या व्याजाचे खासगी कर्ज काढावे लागे.

सुरुवातीस रोख भरावयाची रक्कम कोठून येई? तिचे उत्तर ऐकून आपल्या आयाबहिणींना मौज वाटेल. जमेकाची माणसे ‘पार्डनर’ नावाची पद्धत बरोबर घेऊन आली होती. ओळखीच्या माणसांनी दर आठवड्याला ठरावीक रक्कम एका विश्वासू व्यक्तीकडे द्यावयाची आणि जमलेली सगळी रक्कम पाळीपाळीने एकेकाने उचलावयाची. ही आपली भिशीच! त्रिनिदादचे लोक हिलाच ‘सूसू’ म्हणत. ना करारपत्र, ना व्याज. सगळा कारभार शब्दावर. पेढीने ज्याला दारात उभे केले नाही, त्याला घरापर्यंत नेले ते या शब्दाने.

घर हाती आले म्हणजे हप्ते फेडण्यासाठी मालक स्वतः एका खोलीत राही आणि उरलेल्या खोल्या आपल्याच मुलखातून आलेल्यांना भाड्याने देई. पश्चिमेकडे साउथॉलमध्ये रबराच्या कारखान्यात काम करणाऱ्या पंजाबी कामगारांनी हेच केले. चौघापाचांनी पैसे घालून घर घ्यावयाचे. रात्रपाळीचा माणूस कामाला गेला की दिवसपाळीच्याने त्याच खाटेवर अंग टाकावयाचे. मग शेजारी कुरकुर करीत की, हे लोक दाटीवाटीने राहतात, घराची रया घालवतात. खोली नाकारणाराच दाटीबद्दल बोट दाखवी, हा त्या काळातील मोठा अन्याय होता. तरीही पुढे बायकामुले आली, पोटभाडेकरू गेले, आणि त्याच घरांना रंगरंगोटी होऊन ती संसाराची घरे झाली.

कायदा या सर्वांच्या मागून, रखडत आला. १९६५ च्या वंशसंबंधविषयक कायद्याचा रोख मुख्यतः सार्वजनिक जागांवर होता. जमीनदाराने वर्णाच्या कारणास्तव पट्ट्याच्या हस्तांतरास संमती नाकारू नये, एवढेच काय ते त्यात घरांविषयी होते. १९६७ साली लांब मुदतीच्या पुष्कळ पट्टेदारांना घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करणे बेकायदा ठरले ते १९६८ साली. मालक स्वतः राहतो अशा लहान घरांना तेव्हाही सूट होतीच. विंडरश जहाज लागून त्या वेळी वीस वर्षे झाली होती. १९७६ च्या कायद्याने हे बंधन अधिक कडक केले. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले हिंदी वंशाचे लोक वेम्बलीकडे आले, त्यांच्यासाठी वाट थोडी तरी रुंद झालेली होती. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही याच ब्रेंट बरोत, डॉलिस हिल येथे आहे. दैवाचा खेळ असा की, एकेकाळी कोणी घेईना अशी ब्रिक्स्टनची घरे आज इतकी महागली आहेत की, ती घेणाऱ्यांच्या नातवंडांना त्याच रस्त्यावर घर घेणे बहुधा परवडत नाही.

कॅमडेन बरोतील एका घराविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहत होते. त्यापूर्वी बडोदा संस्थानच्या नोकरीत असताना, जात उघडकीस आली म्हणून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पथिकाश्रमातून बाहेर काढले होते. स्नेह्यांनीही सबबी सांगितल्या, आणि निवाऱ्याअभावी त्यांना बडोदे सोडावे लागले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनमधील ते घर ३० लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले व तेथे स्मारक केले. तेव्हाही शेजारी आणि बरोची परवानगी हा प्रश्न उभा राहिलाच. राहत्या घराचे संग्रहालय होऊ नये, गर्दीचा त्रास होतो, अशा हरकती निघाल्या. कॅमडेन कौन्सिलने परवानगी नाकारली. २०१९ साली चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्यांच्या निर्णयाने स्मारकाला मान्यता मिळाली. हरकती जागेच्या वापराच्या होत्या, वर्णाच्या नव्हत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ज्याला आपल्याच देशात आसरा नाकारला गेला, त्याचे परदेशातील बिऱ्हाड जपण्यासाठी आपल्या शासनाला तेथील कायद्याचे दार ठोठवावे लागले आणि ते उघडले, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

हा इतिहास परक्यांचा म्हणून ऐकून उठावे, असे मात्र आमचे मन घेत नाही. मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्याला आजही आडनाव, धर्म, खाणेपिणे विचारले जाते. पाटी कोणी लावीत नाही, खोली ‘नुकतीच गेलेली’ असते. २००५ साली एका सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरते राखण्याचा तिचा उपविधी वैध ठरवला. लंडनने वीस वर्षे उशीर करून का होईना, कायदा केला. आपण अजून त्या प्रश्नाशी नीट थांबलेलोही नाही. आपल्या इमारतीत रिकामी झालेली जागा पाहावयास उद्या कोणी आले, तर आपण त्याला काय विचारणार, याचा विचार श्रोत्यांनी घरी जाताना जरूर करावा.