धुक्यांतील दोन पडदे

समुद्रावरचा प्रवास हा मूळचाच अंधारांतला प्रवास आहे. जमिनीवर वाट चुकलेल्या मनुष्यास निदान पायांखालची माती ओळखीची असते. दर्यावर्द्यास तेवढाहि आधार नाहीं. म्हणून प्राचीन काळापासून त्यानें आपल्या इंद्रियांना साधनांची जोड दिली. दोरीच्या टोंकाला शिसें बांधून त्यानें पाण्याची खोली मोजली, चुंबकाच्या सुईला दिशा विचारली, ताऱ्यांची उंची मोजून आपला ठाव काढला. या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती. तीं थोडें सांगत, आणि उरलेलें मनुष्यास स्वतःच्या विचारानें भरून काढावें लागे. विसाव्या शतकांत मात्र असें एक साधन त्याच्या हातीं आलें कीं, तें सर्व कांहीं सांगतें असें पाहणारास वाटावें. तें साधन म्हणजे रडार. दाट धुक्यांत आणि काळोख्या रात्रीं डोळ्यांना जें दिसत नाहीं तें एका गोल पडद्यावर उमटूं लागलें. पण दिसणें म्हणजे कळणें नव्हे, ही जुनीच गोष्ट या नव्या साधनानें पुन्हां एकदां शिकविली. आणि त्या शिकवणीची किंमत १९५६ सालच्या जुलै महिन्यांतील एका रात्रीं एक्कावन्न मनुष्यांनीं दिली.

या साधनाचा जन्म आपण समजतों त्यापेक्षां बराच जुना आहे. क्रिस्तिआन ह्यूल्समायर या तरुण जर्मन संशोधकानें १९०४ सालच्या मे महिन्यांत कोलोन शहरीं ऱ्हाईन नदीवर एक यंत्र लोकांस दाखविलें. विद्युल्लहरी जहाजावर आदळून परत आल्या कीं त्या यंत्रांतील घंटा वाजे. समोर कांहीं तरी आहे एवढें तें सांगे. किती दूर आहे हें त्याला थेट सांगतां येत नसे. धुक्यांत होणाऱ्या टकरी टाळाव्या हाच त्याचा हेतु होता. परंतु आरमारांनीं किंवा जहाज-कंपन्यांनीं त्याची पर्वा केली नाहीं. आठच वर्षांनीं, १९१२ च्या एप्रिलमध्यें, टायटॅनिक हें जहाज हिमनगावर आदळून पंधराशेंहून अधिक माणसांसह बुडालें. पुढें १९३५ सालीं नॉर्मांदी या फ्रेंच जहाजावर अडथळे शोधण्याचें एक यंत्र बसविण्यांत आलें. परंतु या विद्येला खरी धार आली ती युद्धामुळें. १९४० सालीं बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडॉल आणि बूट या दोघां शास्त्रज्ञांनीं मॅग्नेट्रॉनची नवी रचना सिद्ध केली, आणि अवघ्या कांहीं सेंटिमीटर लांबीच्या जोरदार लहरी उत्पन्न करणें शक्य झालें. युद्ध संपल्यावर ही विद्या व्यापारी जहाजांवर आली.

तिचें कार्य समजण्यास कठीण नाहीं. डोलकाठीवर फिरणारा एक पंखा क्षणोक्षणीं लहरींचा झोत सोडतो. लहरींचा वेग सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर. म्हणून एका सागरी मैलावरील वस्तूचा प्रतिध्वनि सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं सुमारें बारा भागांतच परत येतो. हा काळ मोजला कीं अंतर कळलें, आणि पंखा त्या क्षणीं कोठें वळला होता हें पाहिलें कीं दिशा कळली. पडद्याच्या मध्यावर आपलें जहाज, आणि त्याच्या भोंवतीं फिरणारी प्रकाशाची एक रेषा. ती जेथून जाते तेथें किनारा, बेट, जहाज यांचे ठिपके क्षणभर उजळतात आणि पुन्हां मंद होत जातात.

येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. आपलें जहाज चालत असतां पडद्यावर तें मध्यभागीं स्थिरच राहतें. हलतो तो ठिपका. म्हणजे पडद्यावर दिसते ती दुसऱ्या जहाजाची खरी गति नव्हे, तर त्याची आणि आपली गति मिळून झालेली तिसरीच गति होय. तें जहाज कोणीकडे तोंड करून चाललें आहे हें ठिपक्यास सांगतां येत नाहीं. त्यासाठीं ठराविक वेळानें त्याचें अंतर आणि दिशा टिपून कागदावर रेषा आंखाव्या लागतात. अंतर कमी होत असतां दिशा बदलत नसेल तर टक्कर ठरलेली; दिशा झपाट्यानें बदलत असेल तर भय नाहीं. नियम एवढाच, परंतु तो लागूं करण्यास एकदां पाहून भागत नाहीं, पुन्हां पुन्हां पाहावें लागतें.

आतां त्या रात्रीकडे वळूं. आंद्रेआ दोरिया हें इटलीचें अभिमानाचें जहाज. सुमारें २९,१०० टनांचें, ६९७ फूट लांब, चित्रें आणि शिल्पें यांनीं सजविलेलें. ता. १७ जुलै १९५६ रोजीं जिनोव्हा बंदर सोडून तें न्यूयॉर्ककडे चाललें होतें. प्रवासी आणि खलाशी मिळून १,७०६ माणसें त्यावर होतीं. ता. २५ रोजीं दुपारपासून त्यास धुक्यानें गांठलें. कप्तान पिएरो कालामाय हे अनुभवी आणि दक्ष गृहस्थ. धुकें पडतांच ते स्वतः ब्रिजवर येऊन उभे राहिले. धुक्याचा भोंगा वाजत होता, रडारवर एक अधिकारी बसला होता. वेग मात्र त्यांनीं तेवीस नॉटांवरून केवळ २१.८ पर्यंतच उतरविला. सकाळीं वेळेवर बंदरांत पोंचावयाचें होतें. आणि रडार होतें. धुक्यांत वेग पुरेसा कमी करावा हा नियम जुना होता. परंतु ज्या आंधळेपणासाठीं तो केला होता तो आंधळेपणाच आतां उरला नाहीं, अशी समजूत त्या काळच्या अनेक कप्तानांची झाली होती.

त्याच दिवशीं सकाळीं स्टॉकहोम हें सुमारें १२,००० टनांचें स्वीडिश जहाज न्यूयॉर्कहून गोथेनबर्गकडे निघालें होतें. बर्फाच्या समुद्रांत जावें लागत असल्यामुळें त्याची नाळ मुद्दाम मजबूत केलेली होती. रात्रीं त्याच्या ब्रिजवर तिसरा अधिकारी कार्स्टेन्स-योहानसेन हा सव्वीस वर्षांचा तरुण एकटाच अधिकारपदीं होता. त्याच्या सभोंवार धुकें नव्हतें. समोर धुक्याची भिंत उभी आहे याची त्यास कल्पना नव्हती.

रात्रीं पावणेअकराच्या सुमारास आंद्रेआ दोरियाच्या पडद्यावर सतरा मैलांवर एक ठिपका दिसला. तो नाळेच्या उजवीकडे चार अंशांवर होता. कांहीं वेळानें स्टॉकहोमच्या पडद्यावरहि ठिपका आला. तेथील अधिकाऱ्याच्या सांगण्याप्रमाणें दहा मैलांवर तो डावीकडे दोन अंशांवर आणि सहा मैलांवर चार अंशांवर होता. आतां पाहा. दोन्ही जहाजें जवळजवळ समोरासमोर येत होतीं. अशा स्थितींत एकास दुसरें उजवीकडे दिसलें तर दुसऱ्यासहि पहिलें उजवीकडेच दिसावयास हवें. येथें एक म्हणतो उजवीकडे, दुसरा म्हणतो डावीकडे. दोन्ही पडदे एकाच वेळीं खरें सांगत होते असें मानणें कठीण आहे. कोठें तरी पाहण्यांत, वाचण्यांत किंवा समजण्यांत चूक झाली होती.

ती चूक किती लहान असूं शकते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा मैलांच्या अंतरावर एका अंशाचा फरक म्हणजे सुमारें ३२३ मीटर. चालतें जहाज लाटांनीं एक-दोन अंश इकडे-तिकडे सहज डुलतें. ज्या पडद्याचा वरचा भाग म्हणजे नेहमीं आपल्या नाळेचीच दिशा, त्यावर जहाज डुललें कीं ठिपकाहि सरकतो. त्याच क्षणीं होकायंत्राच्या कांट्यावर नजर नसेल तर डावें-उजवें ठरविणेंच अवघड होतें. कांहीं अभ्यासकांनीं पुढें आणखी एक तर्क मांडला. रडारच्या पडद्याची व्याप्ति बटण फिरवून बदलतां येते. पंधरा मैलांच्या व्याप्तींत जो ठिपका बारा मैलांवर वाटतो, तोच व्याप्ति पांच मैलांची असल्यास अवघ्या चार मैलांवर असतो. पडद्यावर जागा एकच! स्टॉकहोमवर असाच घोटाळा झाला असावा असें त्यांचें म्हणणें. हें मत सर्वांस मान्य नाहीं. परंतु ठिपका पाहण्यापूर्वीं मोजपट्टी पाहावी हा त्यांतील बोध कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

स्टॉकहोमच्या अधिकाऱ्यानें निदान आलेख तरी आंखला. आंद्रेआ दोरियावर तेंहि झालें नाहीं. पडद्याकडे पाहून अंदाज बांधला गेला कीं, दुसरें जहाज उजवीकडून निघून जाईल. मधलें अंतर थोडें वाढावें म्हणून कप्तानानें साडेतीन मैलांवर जहाज चार अंश डावीकडे वळविलें. इतकें किंचित् वळण दुसऱ्याच्या पडद्यावर उमगण्याजोगें नव्हतें. इकडे, दोन मैलांच्या आंत दिवे दिसूं लागल्यावर, त्याच सद्हेतूनें स्टॉकहोम उजवीकडे वळलें. म्हणजे एकमेकांपासून दूर व्हावें म्हणून दोघेहि वळले, आणि त्या वळण्यानेंच एकमेकांच्या वाटेंत आले. दोन्ही जहाजें मिळून मिनिटास दोन-तृतीयांश मैल या वेगानें जवळ येत होतीं. धुक्यांतून डोळ्यांना खरें रूप दिसलें तेव्हां सुकाणू फिरविण्यापलीकडे कांहीं उरलें नव्हतें. अकरा वाजून दहा मिनिटांनीं स्टॉकहोमची ती मजबूत नाळ आंद्रेआ दोरियाच्या उजव्या कुशींत घुसली.

यानंतर ब्रिजवरील ज्या मापकाकडे सर्वांचे डोळे लागले, त्यास अर्थ लावणारा लागत नव्हता. जहाज किती कललें हें दाखविणारा कांटा कांहीं मिनिटांतच अठरा अंशांवर गेला आणि पुढें सरकतच राहिला. पंधरा अंशांपलीकडे जहाज कलणार नाहीं असें तें बांधणारांनीं धरलें होतें. कलल्यामुळें डाव्या बाजूच्या आठहि जीवननौका पाण्यांत सोडतां येईनात. अर्ध्या नौका डोळ्यांदेखत निरुपयोगी झाल्या. तरीहि जहाज अकरा तास तरंगत राहिलें हें भाग्य. ईल द फ्रांस या फ्रेंच जहाजाचा कप्तान संकटाची हांक ऐकून मागें फिरला, धुक्यांतून भरवेगानें आला, आणि आपल्या जहाजाचे सर्व दिवे उजळून त्यानें बुडत्यांस धीर दिला. त्या एका जहाजानें ७५३ माणसें वांचविलीं. आंद्रेआ दोरियावरील शेहेचाळीस आणि स्टॉकहोमवरील पांच जीव मात्र गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजून नऊ मिनिटांनीं तें सुंदर जहाज पाण्याखालीं गेलें.

न्यूयॉर्क येथें चौकशी सुरू झाली. परंतु १९५७ च्या जानेवारींत दोन्ही कंपन्यांनीं आपसांत तडजोड केली, आणि दोष कोणाचा याचा निकाल न्यायासनापुढें कधींच लागला नाहीं. कदाचित् एकाच माथीं तो मारतांहि आला नसता. धुक्यांत वेग न उतरविणें, आलेख न आंखणें, दिसेल त्या ठिपक्यावर पुरता विश्वास टाकणें, हे दोष एका मनुष्याचे नसून एका काळाचे होते. समुद्राच्या कायद्यानें ते ओळखले. जहाजावर रेडिओ-साधन आहे म्हणून कप्तान धुक्याच्या नियमांतून सुटत नाहीं, असें लंडनच्या १९४८ सालच्या परिषदेनें आधींच बजावलें होतें. परंतु तें शिफारसीपुरतें. १९६० च्या परिषदेनें नियमांस रडारविषयीं एक पुरवणी जोडली. १९७२ सालीं झालेल्या आणि १९७७ पासून अंमलांत आलेल्या नियमांत तर तो बोध मुख्य कलमांतच उतरला. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः अपुऱ्या रडार-माहितीवरून, तर्क करूं नये. वळावयाचें तर दुसऱ्यास स्पष्ट दिसेल इतकें ठळक वळावें. आणि धुक्यांत समोरून येणाऱ्या जहाजासाठीं शक्यतों डावीकडे वळूं नये, हें आतां सर्व दर्यावर्द्यांस शिकविलें जातें. एकेका कलमामागें त्या रात्रीची एकेक चूक वाचतां येते.

आज ठिपक्याची रेषा मनुष्यास आंखावी लागत नाहीं. यंत्रच ती आंखून दाखवितें. लहान नौकांवरहि आतां एकाच पडद्यावर रडार, पाण्याची खोली, इंजिनाची उष्णता आणि तेलाचा सांठा हें सर्व मांडलेलें असतें. परंतु यंत्राची रेषा दुसरें जहाज आहे तसेंच चालत राहील या गृहीतावर उभी असते. तें वळलें कीं खरी रेषा उमटण्यास वेळ जातो. लाटांचे खोटे ठिपके पुसण्यासाठीं बटण फिरवावें, तर त्यांबरोबर लांकडाची किंवा फायबरची एखादी लहान होडीहि पुसली जाते. अशा होड्या आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर रोज रात्रीं जाळीं टाकून बसलेल्या असतात. पडद्यावर त्या नसल्या तरी त्यांत माणसें असतात.

म्हणूनच दृष्टीनें आणि कानानें सतत पहारा ठेवावा, हें कलम नव्या नियमांत रडारच्याहि आधीं घातलेलें आहे. त्या रात्रीं दोन्ही ब्रिजांवर माणसें जागीं होतीं, आणि आपापल्या पडद्याशीं इमानानें वागत होतीं. दोघांनीं एकच प्रश्न स्वतःस वेळेवर विचारला असता, कीं मला जें दिसतें तें मीं पुन्हां पडताळलें काय, तर आंद्रेआ दोरिया दुसऱ्या दिवशीं न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलें असतें, आणि तें किंचित् उशिरां आलें याखेरीज त्याविषयीं लिहिण्यासारखें कांहींच उरलें नसतें.