पंचतारांकितच्या पगारात बसणारी जुनी प्रीमियम हॅचबॅक : निवड, तपासणी आणि कागदपत्रे

कागल पंचतारांकित एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या अनेक तरुणांच्या घरी सध्या चारचाकीचा विषय निघतो. नवी गाडी परवडत नाही, अगदी लहान गाडीत चौघे अवघडतात, म्हणून नजर जाते जुन्या बलेनो, आय-ट्वेंटी, पोलो, जॅझ, ग्लान्झा किंवा अल्ट्रोजकडे. यांना प्रीमियम हॅचबॅक म्हणतात. लांबी चार मीटरच्या आत, पण रुंदी, मागची जागा, डिकी आणि महामार्गावरची पकड लहान गाड्यांपेक्षा चांगली.

गाडी घेण्यामागे गरज असते, हौस असते आणि मानही असतो. ज्या समाजाला बैलगाडीत बसू दिले जात नव्हते, त्या समाजातल्या मुलाला दारात स्वतःची गाडी असावी असे वाटले तर त्यात गैर काही नाही. पण मान आणि सुरक्षा यांत आधी काय, याचा धडा बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९२९ मध्ये चाळीसगावला एकाही टांगेवाल्याने त्यांना नेण्याची तयारी दाखवली नाही. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे वस्तीतल्या लोकांना पटेना. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. नदीच्या पुलावर चाक अडकले, घोडा आणि टांगा खाली गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. मान राखण्याच्या नादात जीव धोक्यात आला, हे त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्पष्ट नोंदवले आहे. जुनी गाडी घेताना हाच क्रम ठेवावा, असे आमचे म्हणणे आहे : आधी सुरक्षा, मग घराचा हिशेब, मग मान.

आधी गरज तपासा

कंपनीची बस घराजवळून जात असेल तर रोजच्या कामासाठी गाडी लागत नाही. बस नसेल तर आधी कामगारांनी मिळून ती मागावी. महिलांना रात्रपाळीला बोलवायचे तर ने-आण करण्याची जबाबदारी मालकाची असते, हेही विसरू नये. वर्षातून एकदा दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जायचे एवढ्याच कारणासाठी गाडी घेऊ नये, त्यासाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते. मात्र घरातले दोघे कामाला जातात, वेगवेगळ्या पाळ्या आहेत, रात्री महामार्गावरून दुचाकीने यावे लागते किंवा घरात आजारी माणूस आहे, अशा घराला चारचाकीचा खरा उपयोग आहे.

महिन्याचा हिशेब

समजा गाडी ४ लाखांना ठरली. दीड लाख हातात आहेत, अडीच लाखांचे कर्ज घेतले. घटत्या शिल्लकेवर १४ टक्के व्याजाने ४८ महिन्यांचा हप्ता सुमारे ६,८३० रुपये येतो. रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १,०४० किलोमीटर. लिटरला १६ किलोमीटरचा अ‍ॅव्हरेज पडला तर ६५ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर ६,८२५ रुपये. विमा, सर्व्हिसिंग आणि टायरसाठी २,००० बाजूला काढले तर महिन्याचा खर्च साडेपंधरा हजारांच्या पुढे जातो. हा आकडा आपल्या पगाराच्या चिठ्ठीशेजारी लिहून बघा. कंत्राट संपले तर तीन महिने हप्ता कुठून भरणार, याचे उत्तर तयार नसेल तर दोन लाखांतली लहान गाडी बरी, किंवा आणखी वर्षभर थांबणे बरे. मुलांची फी आणि घरच्यांचे औषध या दोन खर्चांना हात लावून गाडी आणू नये.

कर्ज देणारा ‘फक्त १० टक्के’ म्हणाला तर तो फ्लॅट दर आहे का, हे विचारा. अडीच लाखांवर १० टक्के फ्लॅट म्हणजे चार वर्षांत एक लाख व्याज आणि ७,२९२ रुपये हप्ता. घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने हा दर सुमारे साडेसतरा टक्के होतो. आणि मित्राला जामीन राहताना एवढे लक्षात ठेवा : त्याचा हप्ता थकला तर वसुली तुमच्याकडेही येते आणि तुमचाही सिबिल बिघडतो. चळवळीतली मैत्री अशा जामिनांवरून तुटू नये.

भावाची बोलणी करताना आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा भाव सांगणारा अजून आधीच्या नव्या किमतीवरून हिशेब करत असेल, तर त्याला आजची किंमत दाखवा.

कोणती गाडी कुणासाठी

बलेनो २०१५ च्या अखेरीस आली. पेट्रोल इंजिन सोपे, सुटे भाग गावोगावी मिळतात, दोन एअरबॅग आणि एबीएस पहिल्यापासून सर्व व्हेरियंटमध्ये आहेत. वजनाने हलकी, म्हणून अ‍ॅव्हरेज चांगला. ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या पेट्रोल बलेनोंपैकी अनेक गाड्या कंपनीने २०२० मध्ये इंधन पंपासाठी परत बोलावल्या होत्या. चासी नंबर देऊन ते काम झाले आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. ग्लान्झा ही २०१९ मध्ये आलेली बलेनोचीच जुळी बहीण आहे. दोन्हींचे भाव बघून जी चांगली राखलेली असेल ती घ्या.

एलिट आय-ट्वेंटी २०१४ मध्ये आणि त्यापुढची नवी आय-ट्वेंटी नोव्हेंबर २०२० मध्ये आली. आतले काम नीटस आणि मागची जागा चांगली. जुन्या एलिटच्या खालच्या व्हेरियंटमध्ये एअरबॅग किती आहेत हे प्रत्यक्ष पाहा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

अल्ट्रोज जानेवारी २०२० मध्ये आली आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला ५ तारे मिळाले. रोज महामार्गावरून जाणाऱ्याने ही गोष्ट वजनात धरावी. तीन सिलिंडरचे इंजिन थोडे थरथरते. चालवून पाहून ठरवा.

पोलो २०१० ते २०२२ या काळात भारतात विकली गेली. बांधणी दणकट, पण मागची जागा कमी आणि दुरुस्ती महाग. जीटी टीएसआयमधला जुना डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर मोठा खर्च निघतो. मोजक्या पगारात त्या वाटेला जाऊ नये. जॅझचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले. जागा भरपूर आणि इंजिन शांत, पण काचा, बंपर, दिवे यांचे भाव आधी विचारून ठेवा.

महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर धावणार असेल तर पेट्रोल आणि साधा गिअर पुरेसा आहे. बाहेरून सीएनजी बसवलेली गाडी असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. शक्यतो २०१८ ते २०२१ मधली गाडी शोधा. १५ वर्षांच्या जवळ आलेली गाडी स्वस्त मिळते, पण पुढे नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्या गळ्यात पडतो.

पुरात बुडालेली गाडी ओळखा

आपल्या भागात ही तपासणी टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीतल्या असंख्य गाड्या पाण्यात राहिल्या. धुऊन, सीट कव्हर बदलून अशा गाड्या पुन्हा बाजारात येतात. पुढे वायरिंग, एअरबॅगचा सेन्सर, ईसीएम हे भाग कधीही दगा देतात.

• सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला चिखलाचा डाग किंवा ओळ दिसते.
• डिकीतले स्टेपनीचे खोलगट आणि कार्पेटची खालची बाजू पाहा.
• सीटखालचे बोल्ट आणि रुळ गंजलेले असतील, बाकी गाडी चकाचक असेल, तर संशय घ्या.
• काचा बंद करून दहा मिनिटे आत बसा. कुबट वास लपत नाही.
• त्या दोन वर्षांतल्या विम्याच्या दाव्याची माहिती मागा.

बाकी तपासणी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. ऑइलचे झाकण उघडून आत दुधाळ थर आहे का पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. बॉनेट आणि दारांच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा, रंगातला फरक, काचांवरचे वेगवेगळे साल यांवरून अपघात कळतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, दोन्ही वाईट. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रनिंगचा आकडा मीटरवर न बघता सर्व्हिसच्या नोंदींशी जुळवा. शेवटी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा आणि स्कॅनर लावून घ्या. त्यासाठीचे पैसे मेकॅनिकला तुम्ही द्या, विक्रेत्याला देऊ देऊ नका. पंचतारांकितमध्ये फाउंड्रीत, मशीनिंगवर, वाहनांच्या सुट्या भागांवर काम करणारे आपले लोक आहेत. त्यांतला एक जाणता सोबत न्या.

कागद

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. पोर्टलवर थकलेली चलने पाहा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का, तेही बघा.

राज्याची सीमा इथून जवळ असल्याने निपाणी-चिकोडीकडची केए पासिंगची गाडी स्वस्तात समोर येते. ती बारा महिन्यांहून जास्त इकडे वापरायची तर मूळ आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे सगळे आले. तो खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त की महाग ते ठरवा. दिल्लीहून आलेल्या गाड्यांचेही तेच. तिथे जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर वयाचे निर्बंध आल्यामुळे त्या बाहेर विकल्या जातात.

‘नाव नंतर चढवू’ हे ऐकून घेऊ नका. नोंदीत ज्याचे नाव, कायद्याने मालक तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. अपघात झाला तर भरपाईसाठी जुना मालकही कोर्टात ओढला जातो. व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. समोरच्याच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचे तसे येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही आरसीवर नाव असलेल्यालाच लागू होतो. कर्ज दोघांच्या पगारातून फिटणार असेल तर गाडी पत्नीच्या नावावर घेण्याचा विचार जरूर करा.

सहकाऱ्यांना सोबत नेणार असाल तर डोईभाडे ठरवून घेऊ नका. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेणे बेकायदा आहे आणि अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. चौघांकडे गाड्या असतील तर आठवडे वाटून घेणे हा साधा मार्ग.

टोकन देण्याआधी

गाडी पाहिल्यावर लगेच टोकन देऊ नये, दोन रात्री मध्ये जाऊ द्याव्यात. तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्यांसमोर महिन्याचा आकडा मांडावा, रॅम्पवरची तपासणी करावी, चासी नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी आणि चलने काढावीत, विम्याचा भाव विचारावा. टोकन दिलेच तर रोख न देता खात्यावर द्यावे आणि ‘कागद न जुळल्यास परत’ असे लिहून घ्यावे. तोवर कुणी दुसऱ्याने गाडी नेली तर नेऊ द्या. बाजारात बलेनो आणि आय-ट्वेंटी भरपूर आहेत. दीड लाखाची बचत मात्र पुन्हा जमवायला वर्षे लागतात.