मॅक फिर्बिस : एका विरळ आयरिश आडनांवाची उत्पत्ति, अर्थ व प्रसार

आडनांवें हीं इतिहासाचीं साधनें आहेत, परंतु तीं जपून वापरावीं लागतात. आडनांवावरून कूळ व कुळावरून मूळ देश असें अनुमान बांधण्याचा मोह पुष्कळांस होतो. हें अनुमान कोठवर चालतें व कोठें फसतें हें पाहण्यास आयर्लंडांतील मॅक फिर्बिस हें आडनांव फार उपयोगी आहे. तें धारण करणारें घराणें वंशपरंपरेनें वंशावळी लिहिणारें होतें. ज्या घराण्यानें आपल्या देशांतील असंख्य कुळांचीं नांवें राखिलीं, त्याचें स्वतःचें नांव मात्र परक्या नांवांत मिसळून गेलें. हस्तलिखितांचा संग्रह करणारांस या वृत्तान्तांत घेण्याजोगा बोधहि आहे, म्हणून तो येथें थोडक्यांत देतों.

(१) व्युत्पत्ति व अर्थ

आपल्याकडे गांवाच्या नांवास 'कर' प्रत्यय लावून पुष्कळ आडनांवें झालीं. आयर्लंडांत बहुतेक जुनीं आडनांवें पूर्वजाच्या नांवावरून पडलीं आहेत. 'मॅक' म्हणजे पुत्र व 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. यापुढें पूर्वजाचें नांव षष्ठी विभक्तींत येतें. प्रस्तुत आडनांवांतील पूर्वजाचें नांव दोन शब्दांचें बनलें आहे. 'फॅर' म्हणजे पुरुष, आणि 'बिशख' म्हणजे वाढ, भरभराट. तेव्हां एकंदर अर्थ 'भरभराटीच्या पुरुषाचा पुत्र' असा होतो. 'बिशख' हा शब्द आजच्या आयरिश भाषेंतहि जिवंत आहे. दुखणेकऱ्यास उतार पडला म्हणजे तोच शब्द योजतात, आणि ज्या वर्षीं एक दिवस अधिक येतो त्या वर्षास 'वाढीचें वर्ष' म्हणतात. आपल्या अधिक मासाच्या नांवांत जी कल्पना आहे तीच येथें दिसते.

उच्चाराविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. आयरिश भाषेंत 'मॅक' पुढें येणारा फकार मृदु होऊन लोपतो व बकाराचा वकार होतो. त्यामुळें लिहितांना फकार दिसला तरी बोलतांना हें नांव सुमारें 'मॅक इर्विशी' असें ऐकूं येतें. 'मॅक फिर्बिस' हें इंग्रजी लेखकांनीं अक्षरें पाहून केलेलें रूप आहे. याच फकारापासून पुढील घोटाळा उत्पन्न झाला.

(२) घराण्याचें स्थान व वृत्ति

या घराण्याचें ठिकाण आयर्लंडच्या वायव्येस स्लायगो परगण्यांत समुद्रकांठीं लेकन येथें होतें. तेथील टायरेरा प्रांताचे अधिपति ओ'डाउड यांचे हे वंशपरंपरागत इतिहासकार. नव्या अधिपतीच्या अभिषेकप्रसंगीं त्याच्या मस्तकावर दंड धरून त्याचें नांव उच्चारण्याचा मान मॅक फिर्बिसाकडे असे. जॉन ओ'डोनोव्हन यानें १८४४ सालीं या प्रांताच्या वंशावळी व चालीरीती छापल्या, त्यांत हा विधि दिला आहे. वंशावळी जाणणाऱ्याच्या मुखांतून नांव निघाल्यावांचून अधिपत्य सिद्ध होत नसे, यावरून या वृत्तीचें वजन कळून येतें.

आयर्लंडच्या बखरींत १२७९ सालीं या घराण्यांतील एका प्रमुख इतिहासकाराचा मृत्यु नोंदलेला आहे. १३७९ सालच्या नोंदींतील मृताचें नांव 'फिर्बिस मॅक फिर्बिस' असें आहे. हें व्यक्तिनामहि होतें आणि चौदाव्या शतकापर्यंत घराण्यांत तें ठेवीत असत, हें या नोंदीवरून सिद्ध होतें.

(३) लेकनचे ग्रंथ

या घराण्याचीं दोन मोठीं बाडें अद्याप उपलब्ध आहेत. 'लेकनचा महाग्रंथ' हा सुमारें १३९७ ते १४१८ या काळांत गिला ईसा मोर मॅक फिर्बिस यानें सहाय्यकांसह चर्मपत्रावर लिहिला. सतराव्या शतकांत तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत होता. तेथून तो फ्रान्सला गेला, पॅरिसच्या आयरिश कॉलेजांत राहिला आणि १७८७ सालीं परत येऊन रॉयल आयरिश अकॅडमीच्या संग्रहांत दाखल झाला. या प्रवासांत त्याचीं कांहीं पानें ट्रिनिटी कॉलेजांतच राहून गेलीं व तीं आजहि तेथेंच आहेत. दुसरें बाड 'लेकनचें पिंवळें पुस्तक'. तें मुळांत एक पुस्तक नव्हे. एडवर्ड ल्विड या वेल्श संशोधकानें सुमारें १७०० सालीं मिळविलेले निरनिराळे भाग त्यांत एकत्र बांधलेले आहेत.

(४) दुवल्तख मॅक फिर्बिस

या परंपरेंतील शेवटचा थोर विद्वान दुवल्तख मॅक फिर्बिस हा होय. याचा जन्म सुमारें १६०० सालचा. त्याचा मुख्य ग्रंथ म्हणजे आयर्लंडांतील कुळांच्या वंशावळींचा प्रचंड संग्रह. तो त्यानें बहुतांशीं १६४९ व १६५० या सालीं गॉलवे शहरांत लिहिला. त्या वेळीं देशांत क्रॉम्वेलच्या सैन्याची धुमाळी चालू होती व शहरांत प्लेगनें कहर केला होता. जुन्या शिस्तीप्रमाणें ग्रंथारंभीं त्यानें स्थळ, काळ, कर्ता व प्रयोजन हीं चारहि नमूद केलीं आहेत. यानंतर दोनच वर्षांनीं, १६५२ सालीं, गॉलवे शत्रूच्या हातीं पडलें. ज्या कुळांच्या याद्या तो करीत होता त्यांतील पुष्कळांच्या जमिनी लौकरच जप्त झाल्या. हा ग्रंथ डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत असून २००३ सालीं नॉलिग ओ मुरीले यांनीं तो भाषांतरासह पांच खंडांत प्रसिद्ध केला.

दुवल्तखाच्या नकलांचें महत्त्व त्याच्या स्वतंत्र ग्रंथाहून कमी नाहीं. 'क्रोनिकन स्कोटोरम' नांवाची बखर त्याच्याच हातच्या नकलेनें टिकली. तिचें मूळ नाहींसें झालें आहे. १६४३ सालीं त्यानें एका जीर्ण चर्मपत्रावरून कांहीं त्रुटित बखरी उतरून घेतल्या. तें चर्मपत्र गेलें व त्याची नकलहि गेली. त्या नकलेची दुसऱ्यानें केलेली नकल तेवढी ब्रुसेल्सच्या ग्रंथालयांत उरली आहे. कागदावरची उशिराची प्रत म्हणून आपण जी बाजूस सारतों, तीच कधीं कधीं एकमेव प्रत असते.

१६५५ पासून तो डब्लिन येथें सर जेम्स वेअर या इंग्रजी लेखकासाठीं आयरिश कागदांचीं भाषांतरें करीत असे. १६६६ सालीं वेअर मरण पावला व हा आश्रय तुटला. १६७१ च्या जानेवारींत स्लायगो परगण्यांतील डूनफ्लिन येथें एका दुकानांत दुवल्तखाचा खून झाला. क्रॉफ्टन नांवाचा एक तरुण दुकानांतील मुलीशीं लगट करूं लागला. शेजारच्या खोलींतील वृद्ध गृहस्थ पाहतील असें तिनें म्हणतांच त्यानें सुरी उचलून त्या वृद्धास भोंसकलें. अशी हकीकत एकोणिसाव्या शतकांत यूजीन ओ'करी यानें परंपरेवरून दिली आहे.

(५) नांवाचा लोप

वेअरसाठीं १६६६ सालीं केलेल्या भाषांतरावर या विद्वानाचें नांव 'डडली फर्बिस' असें आहे. दुवल्तखाचा डडली झाला आणि 'मॅक' गळाला. पुढील पायरी सोपी होती. 'फर्बिस'शीं जुळणारें 'फोर्ब्स' हें नांव इंग्रजी कारकुनांस परिचित होतें, व कॉनॉट प्रांतांत तेंच या घराण्यास चिकटलें. वस्तुतः फोर्ब्स हें स्कॉटलंडांतील ॲबर्डीन परगण्यांतल्या एका ठिकाणावरून पडलेलें आडनांव आहे. लाँगफर्ड परगण्यांतील ग्रॅनर्डचे अर्ल हे असेच मूळचे स्कॉटिश फोर्ब्स. त्यांचा लेकनच्या इतिहासकारांशीं कांहीं संबंध नाहीं. पॅट्रिक वुल्फ (१९२३) व एडवर्ड मॅकलायसाट या आडनांवांच्या अभ्यासकांनीं हा भेद दाखविला आहे.

यामुळें मॅक फिर्बिस या आडनांवाचा प्रसार केवळ याद्या मोजून ठरवितां येत नाहीं. मूळ रूपांत तें अतिशय विरळ आहे. परंतु आयर्लंडांतील सगळे फोर्ब्स लेकनचे मानले तर संख्या खोटी फुगेल, व सगळे स्कॉटिश मानले तर एक जुनें कूळ नाहींसें होईल. अल्स्टरांतील फोर्ब्स बहुधा स्कॉटिश व कॉनॉटांतील बहुधा गेलिक, एवढेंच सामान्यतः म्हणतां येतें. प्रत्येक कुटुंबापुरता निर्णय गांव, जुने खतपत्र व चर्चमधील नोंदी पाहूनच केला पाहिजे.

सारांश, आडनांवाचें आजचें रूप हा पुरावा नव्हे. तें कोणत्या लेखांत, कोणाच्या हातानें व कोणत्या भाषेंत उतरलें हें पाहिल्यावरच त्यास पुराव्याची योग्यता येते. मॅक फिर्बिसांनीं हें काम इतरांच्या नांवांसाठीं पिढ्यान् पिढ्या केलें. त्यांच्या नांवाचा शोध घेतांना आपल्यालाहि तीच रीत पाळावी लागते.